वीकेंडला गाडी काढून शहराबाहेर: पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

शनिवारी सकाळी ६ ला घर सोडलं आणि रविवारी संध्याकाळी ६ ला परत आलात, तर हातात ३६ तास येतात. रात्रीची झोप वजा केली की उरले २८. त्यातले जाताना ५ आणि येताना ५ तास स्टिअरिंगमागे गेले, तर सहलीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग रस्त्यावरच संपला. मोठ्या शहरातून केलेल्या छोट्या सहली बहुतेक वेळा याच हिशोबात फसतात आणि खापर मात्र हॉटेलवर फुटतं. म्हणून इथे आखणी उलटीकडून, म्हणजे परतीच्या वेळेपासून केली आहे. गाडी चालवता येते पण शहराच्या वेशीबाहेर फारशी नेलेली नाही, अशा लोकांसाठी हे लिहितोय.

१. आधी परतीची वेळ, मग ठिकाण

बाकी सगळे ‘कुठे जायचं?’ इथून सुरुवात करतात. तुम्ही ‘रविवारी किती वाजता घरात पाय ठेवायचा?’ इथून करा. शहराकडे येणारे रस्ते रविवारी दुपारनंतर भरत जातात आणि संध्याकाळी तुंबतात, कारण बाहेर गेलेलं अख्खं शहर एकाच वेळी परतत असतं. ३ तासांत गेलेला रस्ता येताना साडेचार तास खाऊ शकतो. माझं मत विचाराल तर रविवारी दुपारच्या जेवणाआधी निघा. ‘जेवून, थोडं पडून, मग निवांत निघू’ म्हणणारे लोक बरोबर त्याच गर्दीत जाऊन अडकतात आणि वर जेवणानंतरची सुस्तीही असते.

एका रात्रीचा मुक्काम असेल तर एका बाजूचा प्रवास ३ तास, ओढूनताणून ४. त्यापलीकडचं ठिकाण कितीही सुंदर असलं तरी ते लांबच्या सुट्टीसाठी राखून ठेवा.

अंतर तासांत मोजा. ‘१५० किलोमीटर’ या आकड्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. समजा त्यातले पहिले २५ किलोमीटर शहरातून बाहेर पडण्याचे आहेत, मधले १०० रुंद महामार्गाचे आणि शेवटचे २५ घाटाचे. शहराला एक तास, महामार्गाला सरासरी ७५ च्या वेगाने एक तास वीस मिनिटं, घाटात सरासरी ३० धरली तर पन्नास मिनिटं. झाले ३ तास १० मिनिटं. एक थांबा धरला की साडेतीन. ‘दीडशेच तर आहे, दोन तासांत पोचू’ असं कोणी म्हणालं तर त्याला हा हिशोब दाखवा.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे बुधवारी रात्री ११ ला मॅप उघडून वेळ बघणं. त्या वेळी रस्ते रिकामे असतात, तुम्हाला दिसते ती त्या क्षणाची वेळ. मॅपमध्ये निघण्याचा वार आणि वेळ आधीच टाकता येते. ती टाका, मग ‘२ तास ४० मिनिटं ते ४ तास’ अशी रेंज येते. यातला मोठा आकडा खरा मानायचा.

२. शुक्रवारी रात्री निघायचा मोह

ऑफिस सुटलं की थेट निघायचं, म्हणजे शनिवारची सकाळ तिथेच उजाडेल. ऐकायला झकास वाटतं. पण शुक्रवारी सकाळी ६ ला उठलेला माणूस रात्री ११ वाजता सलग १७ तास जागा असतो. झोपेवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की १७ तास जागरणानंतर माणसाची चपळाई आणि निर्णयशक्ती रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. अनेक देशांत गाडी चालवताना याच्या वर गेलं की गुन्हा होतो. दारू न पिता तुम्ही तिथपर्यंत पोचलेले असता, आणि गंमत म्हणजे स्वतःला ते जाणवत नाही.

पहाटे २ ते ६ आणि दुपारी २ ते ४ या वेळांत शरीराचं घड्याळच झोपेकडे ओढतं. त्यामुळे ‘रात्री २ ला निघू, रस्ता मोकळा मिळेल’ हाही हुशारीचा पर्याय नाही. शनिवारी पहाटे साडेपाच-सहाला निघायचं, पण त्यासाठी शुक्रवारी रात्री १० ला अंथरुणात असायला हवं. बॅगा शुक्रवारी भरायला घेतल्या तर ते जमत नाही, गुरुवारीच भरा.

३. मुक्कामाच्या जागी एक फोन

ऑनलाइन बुकिंग करा, पण त्यानंतर तिथे काम करणाऱ्या माणसाशी बोला. दोन मिनिटांच्या फोनमध्ये जे कळतं ते शंभर फोटोंत कळत नाही. शेवटचे चार-पाच किलोमीटर रस्ता कसा आहे, बुटकी गाडी खाली घासेल का? पार्किंग आवारात आहे की बाहेर रस्त्यावर? रात्री गेट किती वाजता बंद होतं? मोबाइलला रेंज कोणत्या कंपनीची येते? खोली दुपारी मिळणार असेल तर सकाळी पोचल्यावर बॅगा ठेवायला जागा आहे का? चेक-आउटनंतरही हाच प्रश्न येतो.

जाता जाता मॅपवरची खूण त्यांच्याकडूनच मागून घ्या. एकाच नावाची दोन ठिकाणं असणं किंवा खूण डोंगराच्या भलत्या बाजूला पडलेली असणं, दोन्ही सर्रास होतं. शिवाय मॅप ‘सर्वांत जलद’ म्हणून कधी कधी शेतातून जाणारा एका गाडीचा रस्ता दाखवतो. उपग्रहाच्या चित्रात शेवटचा टप्पा मोठा करून बघितलात तर डांबर आहे की माती, हे साधारण कळतं.

बुकिंग रद्द केल्यास पैसे कधीपर्यंत परत मिळतात, ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

४. कागदपत्रं

मूळ प्रती एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि सगळ्यांचे फोटो फोनमध्ये (नेट नसतानाही उघडतील असे):

- वाहन परवाना, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचा
- गाडीचं नोंदणीपत्र
- विमा पॉलिसी आणि विमा कंपनीचा रस्त्यावरच्या मदतीचा नंबर
- प्रदूषण किंवा तांत्रिक तपासणीचं प्रमाणपत्र, जिथे लागत असेल तिथे
- मुक्कामाला येणाऱ्या सर्वांची ओळखपत्रं
- रोजच्या औषधांची चिठ्ठी

विम्याची तारीख आजच बघा. ती संपल्याचं लोकांना नेमकं रस्त्यावर कळतं.

गाडी भाड्याची असेल तर थोडं जास्त सावध राहा. ताब्यात घेताना आणि परत देताना गाडीभोवती सावकाश फिरत एक सलग व्हिडिओ काढा: चारही कडा, बंपरचा खालचा भाग, चाकांच्या रिम, आतले सीट आणि शेवटी डॅशबोर्डवरचं किलोमीटर आणि इंधनाचा काटा. अनामत रक्कम अडकते ती बहुतेक वेळा रिमवरच्या ओरखड्यामुळे, कारण तो कोणीच आधी बघितलेला नसतो. दिवसाला किती किलोमीटर मिळतात, इंधन कसं परत द्यायचं, आणि दुसऱ्या कोणी चालवली तर विमा लागू होतो का, या तीन गोष्टी करारात वाचा. तोंडी आश्वासनावर राहू नका.

५. गाडीला अर्धा तास द्या, निघण्याच्या दोन दिवस आधी

दोन दिवस आधी अशासाठी की काही सापडलं तर दुरुस्तीला वेळ उरतो. निघायच्या सकाळी सापडलेला दोष माणूस ‘चालेल’ म्हणून सोडून देतो.

सुरुवात टायरपासून. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लावलेल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तिथे बऱ्याचदा दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. सहलीला दुसरा लागू. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते. आणि मोजायची ती टायर थंड असताना, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो.

टायरवर एका छोट्या चौकटीत चार अंक असतात. ‘२३२२’ म्हणजे २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे दिसतील. वरचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खाच १.६ मिलिमीटरवर आली असं समजा. अनेक देशांत हीच कायद्याची किमान मर्यादा आहे, पण पावसात तेवढ्यावर भरवसा ठेवू नका.

मग डिकीचा तळ उचला. स्टेपनी आहे का? तिच्यात हवा आहे का? वर्षानुवर्षं तिला कोणी हात लावलेला नसतो. हल्ली बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसतं पंक्चरचं किट असतं. ते टायरच्या तळव्यावरच्या छोट्या छिद्राला चालतं, बाजूने टायर फाटला तर त्याचा उपयोग नाही. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८०.

स्टेपनी असेल तर घराच्या पार्किंगमध्ये एकदा चाक बदलून बघाच. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा, कारण गाडी उचलल्यावर जोर लावला तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. जॅक लावायची जागा दाराखालच्या पट्टीवर खाच करून दाखवलेली असते. हात घालून चाचपलं की लागते. घट्ट करताना एकमेकांसमोरचे नट आलटूनपालटून आवळा. अलॉय चाकांना कुलूपवाला एक वेगळा नट असू शकतो, त्याची किल्ली गाडीत आहे ना, ते इथेच कळेल.

बाकीचं पटापट: इंजिन बंद करून काही मिनिटांनी सपाट जागेवर ऑइल बघा. कूलंटची पातळी थंड इंजिनवर बाहेरच्या बाटलीत दिसते, गरम असताना झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. काच धुवायचं पाणी भरा. वायपर रेघा सोडत असेल तर बदला. सगळे दिवे लावून एकदा गाडीभोवती फिरा.

दिव्यांवरून आठवलं. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत प्रकाश जातो. डॅशबोर्डवर ० ते ३ असे आकडे असलेलं छोटं चाक असतं ते यासाठीच. गाडी भरली की आकडा वाढवा, झोत खाली येतो. वर्षानुवर्षं गाडी वापरणाऱ्यांनाही ते माहीत नसतं!

इलेक्ट्रिक गाडी असेल तर कंपनीने सांगितलेली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, विसरा. महामार्गाच्या वेगाला आणि चढाला ती बरीच खाली येते. चार्जिंग ८० टक्क्यांच्या पुढे मंदावतं, त्यामुळे १०० होईपर्यंत ताटकळण्यापेक्षा ८० वर निघून पुढे एकदा थांबणं परवडतं. चार्जर नेहमी दोन हेरून ठेवा, कारण पहिला बंद असणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

६. डिकी भरताना

जड बॅगा तळाला, मागच्या सीटच्या पाठीला चिकटून. मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही नको: जोरात ब्रेक लागला की तिथली पाण्याची बाटली सुसाट पुढे येते. मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावायचा, अगदी पहिल्या किलोमीटरपासून. लहान मूल मागच्या सीटवर, त्याच्या वजना-उंचीप्रमाणे असलेल्या सीटमध्येच.

हाताशी लागणाऱ्या वस्तू वेगळ्या पिशवीत पुढे ठेवा: टॉर्च, पाणी, चार्जर, थोडी रोकड, प्रथमोपचाराची पेटी, उलटीसाठी कागदी पिशव्या, चमकतं जाकीट, लाल त्रिकोण. जम्पर केबलही (बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायच्या वायर) असू द्या. कपडे लागतात त्यापेक्षा दुप्पट भरले जातात, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

मॅपचा त्या भागाचा नकाशा वाय-फायवर असतानाच डाउनलोड करा. ऑफलाइन नकाशा वाट दाखवतो, ट्रॅफिक दाखवत नाही, हे लक्षात असू द्या.

७. रस्त्यावर

वेगाने किती वेळ वाचतो? १०० किलोमीटरला ताशी ८० ने ७५ मिनिटं लागतात आणि १०० ने ६०. म्हणजे पंधरा मिनिटं, जी पुढच्या टोलवर किंवा सिग्नलवर सहज जातात. उलट हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, तो ८० पेक्षा १०० ला दीडपटीहून जास्त असतो, आणि ते इंधनात दिसतं. ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतरही तसंच: वेग दुप्पट तर अंतर चौपट.

दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा, कंटाळा आला नसला तरी. थांबलात की गाडीतून उतरून चाला. फोन बघत सीटवरच बसून राहिलात तर तो थांबा धरू नका.

झोपेची लक्षणं ओळखा. लेनची रेघ वारंवार ओलांडली जाणं, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणं, पापण्या जड होणं. ताशी ९० ला गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते, डोळा चार सेकंद मिटला की शंभर मीटर गाडी कोणीच चालवत नव्हतं. खिडकी उघडून किंवा गाणी मोठी लावून झोप जात नाही. सुरक्षित जागी गाडी लावा, कॉफी प्या आणि लगेच १५-२० मिनिटं झोपा. कॉफीतलं कॅफिन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. एसी आतल्याच हवेवर तासन् तास ठेवू नका: बंद गाडीत चार-पाच माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सगळेच पेंगायला लागतात. मधूनमधून बाहेरची हवा आत घ्या.

गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा, फोन बाजूला ठेवायला लावा आणि नजर दूर रस्त्यावर. कान हालचाल सांगतो आणि डोळे स्थिर पडदा बघतात, त्या गोंधळातून मळमळ होते. गोळी घ्यायची तर निघायच्या आधी, सुरू झाल्यावर नाही. चालवणाऱ्याने मात्र ती घेऊ नये, बहुतेक गोळ्यांनी झोप येते.

उन्हात लावलेल्या गाडीत ‘पाचच मिनिटं’ म्हणून मूल किंवा कुत्रा ठेवू नका. पहिल्या दहा-वीस मिनिटांतच आतलं तापमान दहा अंशांच्या आसपास चढतं, काच थोडी खाली असली तरी फारसा फरक पडत नाही.

८. घाट, पाऊस, धुकं

उतारावर नवखा चालक सतत ब्रेकवर पाय ठेवून असतो. ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि एका क्षणी पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ऑटोमॅटिक गाडीत त्यासाठी एल, बी किंवा मॅन्युअल मोड असतो, तो घरीच शोधून ठेवा. उतारावर न्यूट्रल कधीही नाही. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वळणावर हॉर्न द्या आणि ओव्हरटेक विसरा.

पावसात स्टिअरिंग अचानक हलकं वाटलं तर टायर पाण्यावर तरंगतोय असं समजा. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ ठेवा, जोरात ब्रेक मारू नका. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर परत फिरा. साधारण ३० सेंटिमीटर वाहतं पाणी बऱ्याच गाड्यांना तरंगवू शकतं आणि ६० सेंटिमीटर बहुतेकांना ओढून नेतं, मोठ्या एसयूव्हीलासुद्धा. पुढची गाडी पार झाली म्हणून आपली होईल असं नसतं.

धुक्यात डिपर लावा. अप्परचा उजेड धुक्यावरून परत तुमच्याच डोळ्यांत येतो.

९. गाडी बंद पडली तर

धोक्याचे दिवे लावून गाडी जमेल तितकी कडेला घ्या. माणसं ट्रॅफिकच्या विरुद्ध बाजूच्या दारांनी उतरवा आणि कठड्यापलीकडे उभी करा. गाडीत बसून वाट बघणं आणि गाडीमागे उभं राहून फोन लावणं, दोन्ही घातक. महामार्गावर ट्रॅफिकच्या बाजूचं चाक तिथेच बदलायला बसू नका, मदत मागवा. ११२ हा नंबर अनेक देशांत आपत्कालीन सेवेला लागतो, आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर मोबाइल तो लावायचा प्रयत्न करतो. जागा सांगताना किलोमीटरचा दगड, रस्त्याचा नंबर आणि कोणत्या दिशेला तोंड आहे ते सांगा.

निघतानाच घरच्या किंवा शहरातल्या एका माणसाला लाइव्ह लोकेशन आणि मुक्कामाचा नंबर पाठवून ठेवा.

१०. परतल्यावर

चाक बदललं असेल तर ५० किलोमीटरच्या आसपास नट पुन्हा आवळलेले असायला हवेत. राहिलं असेल तर आता बघा. भरलेल्या गाडीसाठी वाढवलेली टायरची हवा रोजच्या आकड्यावर आणा. खाचांत अडकलेले खडे काढताना एखादा खिळाही सापडतो.

टाकी भरून निघाला होतात तर परत भरा. मधे भरलेलं इंधन आणि हे, दोन्हींची बेरीज करून एकूण किलोमीटरला तिने भागा. हे तुमच्या गाडीचं खरं ॲव्हरेज, पुढच्या वेळचं बजेट यावरूनच बांधा. मित्रांबरोबर गेला असाल तर इंधन, टोल, पार्किंग आणि खोलीचा हिशोब त्याच रात्री ग्रुपवर टाका. आठवडा गेला की कोणी काय दिलं होतं यावर एकमत होत नाही.